मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर, वारा आणि परवाना

सन १८८३ च्या एप्रिल महिन्याच्या ७ तारखेस आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या आणि जूनच्या ४ तारखेस न्यूयॉर्कच्या धक्क्यास उतरल्या. वय अवघे अठरा, सोबतीस घरचे माणूस नाही, आणि वैद्यकविद्या शिकून परत यावयाचे एवढा एकच निर्धार पदरी. त्या मुलीने प्रवासात काढलेले ते ५८ दिवस महाराष्ट्राच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहेत. आज मुंबईहून मध्यरात्र उलटल्यावर उडालेले विमान त्याच शहरी सोळा तासांच्या आसपास पोचते, आणि दोन्हीकडच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेनऊ व हिवाळ्यात साडेदहा तासांची तफावत असल्यामुळे उतारू विमानतळाबाहेर पाऊल टाकतो तेव्हा तेथे त्याच तारखेची सकाळ असते. ज्यांची मुले न्यू जर्सीत वा न्यूयॉर्कात स्थायिक झाली आहेत अशा पुण्या-मुंबईच्या, नाशिक-नागपूरच्या शेकडो घरांत हा प्रवास आता सुनेच्या बाळंतपणाइतका, नातवाच्या मुंजीइतका घरगुती झालेला आहे.

अंतर किती, असे विचारले तर उत्तर मिळते साडेबारा हजार किलोमीटर. वेळ किती, असे विचारले तर सोळा तास. एका आकड्यास दुसऱ्याने भागले म्हणजे ताशी पावणेआठशे किलोमीटरांचा वेग निघतो. परंतु ज्या जेट विमानाने हा पल्ला गाठला जातो ते शांत हवेत ताशी नऊशे किलोमीटरांच्या आसपास चालते, म्हणजे त्या हिशेबाने त्याने चौदा तासांच्या आतच पोचावयास हवे; आणि खरोखरच परतीच्या वाटेवर त्याच जातीचे विमान चौदा-साडेचौदा तासांत मुंबईस येऊन टेकते. जाताना अधिक लागलेल्या या तासांचा जमाखर्च मांडू लागले की त्यात भूगोल येतो, वातावरणशास्त्र येते, इंधनाचे गणित येते आणि शेवटी, सर्वांवर ताण करणारा, राज्याराज्यांमधला सलोखा आणि वितुष्ट येते. दोन विमानतळांमधले अंतर हे एकदा मोजून दप्तरात लावून ठेवण्यासारखे नसून ते काळाप्रमाणे कमीजास्त होते, आणि ते कमीजास्त करण्याचा मोठा अधिकार निसर्गाइतकाच सरकारांच्या हाती आहे, असे या विषयाच्या मागे लागल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे.

प्रथम पृथ्वीच्या आकाराचा विचार करू. शाळेच्या भिंतीवर टांगलेला जगाचा नकाशा बहुधा मर्केटर या भूगोलज्ञाने १५६९ साली घालून दिलेल्या पद्धतीचा असतो, आणि त्यावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून अटलांटिकात उतरते. ही रेघ सरळ दिसली तरी सर्वांत जवळची नव्हे. त्यापेक्षा तीस सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीचा गोल घ्यावा, मुंबईवर सुताचे एक टोक अंगठ्याने दाबून धरावे, दुसरे न्यूयॉर्कपर्यंत नेऊन सूत घट्ट ताणावे. साडेएकोणतीस सेंटिमीटर सूत लागते, आणि ते आपणहून जी वाट धरते ती प्रथम पाहणाऱ्यास चकित करणारी आहे. पश्चिमेस जाण्याऐवजी ते उत्तरेस वळते. उत्तर दिशेपासून केवळ सत्तावीस अंश पश्चिमेकडे झुकून सौराष्ट्र आणि कच्छचे रण ओलांडते आणि सिंधमध्ये शिरून जवळजवळ मोहेंजोदडोच्या अवशेषांवरूनच जाते. पुढे अफगाणिस्तानाचा दक्षिण-पश्चिम भाग, तुर्कमेनिस्तान, कझाक मुलुखाचे ओसाड पठार, व्होल्गाकाठचे सारातोव्ह आणि मग मॉस्को. तेथून फिनलंडचे दक्षिण टोक आणि स्वीडन ओलांडून नॉर्वेचे ट्रॉन्डहाइम. आइसलंडच्या अलीकडे ते पासष्टाव्या अक्षांशास भिडते, रेक्याविकवरून खाली वळते, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकास स्पर्श करते आणि लॅब्राडोर, न्यू ब्रन्सविक, मेन असे करीत ईशान्येकडून न्यूयॉर्कात उतरते. सिंधुसंस्कृतीच्या नगरापासून हिमनद्यांच्या बेटापर्यंत एका सुताने जोडलेली ही स्थळे कोणी कवीने निवडलेली नसून गोलावरच्या भूमितीने निवडली आहेत.

या वाटेस बृहद्वृत्ताचा मार्ग म्हणतात, कारण पृथ्वीचे मध्य ज्याच्या पातळीत येते अशा वर्तुळाचा तो तुकडा असतो. त्याची लांबी काढण्यास दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश आणि गोलीय त्रिकोणमितीचे एक सूत्र पुरते. मुंबईचा विमानतळ उत्तर अक्षांश १९ अंश ५ कला व पूर्व रेखांश ७२ अंश ५२ कला येथे, आणि न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ उत्तर अक्षांश ४० अंश ३८ कला व पश्चिम रेखांश ७३ अंश ४७ कला येथे आहे. त्यांच्यामध्ये पृथ्वीच्या मध्याशी होणारा कोन ११२ अंश ४२ कलांच्या जवळपास भरतो. कोनाची एक कला म्हणजे पृष्ठभागावरचा एक सागरी मैल, १,८५२ मीटर. म्हणून खलाशी आणि वैमानिक आजही सागरी मैलातच बोलतात, आणि त्यांच्या भाषेत हे अंतर पावणेसात हजारांहून किंचित अधिक आहे. पृथ्वी ध्रुवांशी किंचित दबलेली असल्यामुळे, म्हणजे विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या ध्रुवांपेक्षा सुमारे २१ किलोमीटर अधिक असल्यामुळे, या आकड्यात थोडीशी दुरुस्ती करावी लागते. परंतु प्रवाशास तिचे सोयरसुतक नाही.

या वाटेच्या उत्तर भागातली एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी १,६७० किलोमीटरांनी पूर्वेकडे फिरतो, पण चौसष्टाव्या अक्षांशावर तो वेग सव्वासातशेच्या घरात येतो. त्या उंच अक्षांशांवर पश्चिमेकडे नऊशेच्या वेगाने जाणारे विमान सूर्यास मागे टाकते. मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघालेल्या माणसाची रात्र त्यामुळे कमालीची लांबते, आणि हिवाळ्यात तर त्याची सारी वाट काळोखातच सरते.

आता विमानांच्या शक्तीचा इतिहास. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेजने लंडनजवळच्या क्रॉयडनहून कराचीस टपाल व उतारू नेण्यास आरंभ केला, तेव्हा त्या प्रवासास सात दिवस लागत आणि बासेलपासून जिनोव्हापर्यंतचा टप्पा चक्क आगगाडीने करावा लागे. ते टपाल कराचीहून पुढे मुंबईस आणि मद्रासेस नेण्याची तजवीज टाटांनी केली, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा स्वतः एका इंजिनाचे पस मॉथ विमान चालवीत कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूस उतरले. पुढे ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन जातीचे विमान ३५ उतारू घेऊन मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा या मुक्कामांनी लंडनास गेले. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाचे नाव घेऊन युरोपात उतरलेले ते पहिले नियमित विमान. प्रवासास चोवीस तासांच्या आसपास लागले, आणि टाटा त्या विमानात होते. हेच विमान ३ नोव्हेंबर १९५० रोजी माँ ब्लाँ पर्वतावर आदळून त्यातील सर्व ४८ जण मृत्यू पावले, हे लिहिताना हात अडखळतो. पण त्या पिढीने अंतरावर मिळविलेल्या विजयाची ती किंमत होती आणि ती विसरता कामा नये. १४ मे १९६० रोजी एअर इंडियाचे बोइंग ७०७ लंडनमार्गे न्यूयॉर्कास जाऊ लागले. मुंबईहून वाटेत कोठेही न टेकता न्यूयॉर्क गाठणारी एअर इंडियाची सेवा मात्र १ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली, म्हणजे लंडनचा मुक्काम गाळण्यास ४७ वर्षे जावी लागली.

आणि हा मुक्काम अंतराच्या दृष्टीने मुळीच आडवाटेचा नव्हता. मुंबई ते लंडन ७,२०० किलोमीटर आणि लंडन ते न्यूयॉर्क ५,५४० किलोमीटर यांची बेरीज थेट अंतरापेक्षा सुमारे दोनशे किलोमीटरांनीच अधिक भरते, म्हणजे विमानाच्या भाषेत पाऊण तासाचाही फरक नाही. तो मुक्काम लागत असे तो इंधनासाठी. आज या मार्गावर वापरले जाणारे बोइंग ७७७-३०० ईआर जास्तीत जास्त ३५१ टन वजनाने जमीन सोडू शकते, आणि त्याच्या टाक्यांत १,८१,००० लिटरांहून अधिक, म्हणजे सुमारे १४५ टन इंधन मावते. उडताना दर तासास सात-आठ टन इंधन जळते. आणि त्यातील पुष्कळसे इंधन पुढच्या इंधनाचे ओझे वाहण्यातच खर्ची पडते. म्हणून पहिल्या काही तासांत जड विमान खालच्या उंचीवर राहते आणि हलके होत जाईल तसतसे टप्प्याटप्प्याने वर चढते.

या सर्वाचा कागदी हिशेब उड्डाणापूर्वी काही तास तयार होतो, आणि तो तयार करणाऱ्यास डिस्पॅचर म्हणतात. उतारूंनी ज्याचे नावही ऐकलेले नसते अशा या माणसाविषयी मला मनापासून आदर वाटतो. त्याच्यापुढे निरनिराळ्या उंचीवरच्या वाऱ्यांचे तक्ते असतात, कोणत्या मुलुखाचे आकाश कोणत्या तासापासून कोणत्या तासापर्यंत बंद आहे हे सांगणारी नोटॅम नावाची सूचनापत्रे असतात, आणि त्या रात्री विमानात किती माणसे व किती माल चढणार याचा अंदाज असतो. त्यावरून तो फ्लाइट प्लॅन आखतो. त्यात प्रवासास लागणारे इंधन; अकल्पित अडचणीसाठी साधारणतः त्याच्या पाच टक्के; न्यूयॉर्क बंद पडल्यास दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याचे; आणि शेवटी तीस मिनिटे आकाशात घिरट्या घालता येतील एवढे, ज्यास हात लावण्याची पाळी येऊच नये असे, अशी कलमवार मांडणी असते. वैमानिक तो कागद वाचतो, हवामानाचा कल पाहून प्रसंगी इंधन वाढवून मागतो, आणि मगच सही करतो. वेळापत्रकात छापलेली वेळ याहून निराळी असते. चाकांपुढचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा लावीपर्यंतचा तो काळ असल्यामुळे दोन्हीकडच्या धावपट्ट्यांपाशी रांगेत उभे राहण्याची मिनिटेही त्यात धरलेली असतात.

वाऱ्याचा विषय स्वतंत्रपणे सांगावयास हवा, कारण जाण्यायेण्याच्या वेळेतली तफावत मुख्यतः त्याच्या पदरी पडते. पृथ्वीच्या मध्यम अक्षांशांवर, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अरुंद आणि अतिवेगवान वायुप्रवाह आहेत. शीत ध्रुवीय हवा आणि उष्ण दक्षिणी हवा यांतल्या तापमानाच्या भेदातून ते उत्पन्न होतात आणि हिवाळ्यात, भेद तीव्र झाला म्हणजे, बळावतात. त्यांस जेट स्ट्रीम म्हणतात. वासाबुरो ओइशी या जपानी वातावरणशास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकात तातेनो येथील वेधशाळेतून फुगे सोडून या प्रवाहांचे पद्धतशीर मोजमाप केले, आणि सर्व जगास ते वाचता यावे या उदात्त हेतूने आपला अहवाल १९२६ साली एस्पेरांतो भाषेत प्रसिद्ध केला. जगाने तो वाचला नाही. १९४४ साली जपानवर उंचावरून हल्ले करण्यास गेलेल्या अमेरिकी बी-२९ विमानांस त्या वाऱ्याने सपाटून मारले तेव्हा त्याचे अस्तित्व अमेरिकनांस अनुभवाने कळले. ज्ञान एका देशाच्या दप्तरात मोकळे पडलेले असावे आणि दुसऱ्याने ते युद्धात प्राण वेचून मिळवावे, या घटनेचे दुःख मला पुन्हा पुन्हा होते.

फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा नावाचे वादळ अटलांटिकावर असताना त्याच प्रवाहाच्या पाठबळाने ब्रिटिश एअरवेजचे एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनास ४ तास ५६ मिनिटांत गेले. उलट दिशेने, म्हणजे आपण ज्या दिशेने अमेरिकेस जातो त्या दिशेने, हाच वारा छातीवर घ्यावा लागतो. म्हणून अटलांटिकावरच्या वाटा रोज नव्याने आखल्या जातात. आयर्लंड-स्कॉटलंडकडचे शॅनविक आणि न्यू फाउंडलंडचे गँडर ही दोन नियंत्रणकेंद्रे त्या दिवसाचे वारे पाहून पश्चिमेस जाणाऱ्या विमानांसाठी प्रवाहास टाळणाऱ्या आणि पूर्वेस येणाऱ्यांसाठी प्रवाहाचा लाभ देणाऱ्या समांतर वाटा मुक्रर करतात. मुंबईच्या विमानाने मंगळवारी धरलेली वाट बुधवारी धरली तर त्याचे नुकसान होईल, अशी ही व्यवस्था आहे. लांबच्या वाटेने लवकर पोचता येते, हे भूमितीस न पटणारे सत्य येथे नित्याचे आहे.

येथवर निसर्गाचा अंमल. यापुढे माणसाचा.

७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या करारनाम्याच्या पहिल्याच कलमाने प्रत्येक राज्याचे आपल्या हद्दीवरच्या आकाशावर पूर्ण आणि अनन्य स्वामित्व मान्य केले आहे. समुद्रावरून कोणीही जावे, पण जमिनीवरच्या आकाशातून परवान्यावाचून जाऊ नये. परस्परांच्या विमानांस नुसते वरून जाऊ देण्याचा निराळा करारही तेव्हाच झाला. परंतु रशियाने, ज्याच्या मुलुखावरून आपले सूत सर्वांत दीर्घ काळ जाते, त्यावर आजवर सही केलेली नाही. परवान्याने वाट ठरण्याची ही गोष्ट त्या कराराहूनही जुनी आहे. इंपीरियल एअरवेजची विमाने प्रथम इराणच्या किनाऱ्याने कराचीस येत. त्या सरकारने दिलेली मुदत १९३२ साली संपली तेव्हा सारा मार्ग आखाताच्या अरबी किनाऱ्यावर हलवावा लागला आणि शारजाच्या वाळूत उतारूंसाठी तटबंदीची धर्मशाळा बांधावी लागली.

आजची अवस्था याहून बिकट आहे. ऑगस्ट २०२१ पासून अफगाणिस्तानावरच्या आकाशात विमानांस वाट दाखविणारे रीतसर नियंत्रण उरले नाही. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर स्वारी झाल्यावर अमेरिकेच्या आणि युरोपच्या विमानांस रशियाचे आकाश मिटले; युनायटेड एअरलाइन्सने त्याच वर्षी मार्चमध्ये आपली मुंबई–न्यूअर्क सेवा थांबविली, तर भारतीय विमाने त्या वाटेने जात राहिली. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोस चाललेले एअर इंडियाचे विमान इंजिनातील बिघाडामुळे सैबेरियाच्या मगदान येथे उतरले आणि २१६ उतारू त्या दूरस्थ गावी अडकून पडले, तेव्हा त्या वाटेत दडलेला धोकाही सर्वांच्या ध्यानी आला. पाकिस्तानने २०१९ साली २७ फेब्रुवारीपासून १६ जुलैपर्यंत आपले आकाश बंद ठेवले होते. २४ एप्रिल २०२५ रोजी त्याने ते भारतीय विमानांस पुन्हा बंद केले, भारताने ३० एप्रिलला तसाच हुकूम काढला, आणि त्या हुकुमांची मुदत मग महिन्यामहिन्याने वाढत गेली. मोहेंजोदडोवरून जाणारे सूत अशा रीतीने मुंबईपासून जेमतेम साडेसहाशे किलोमीटरांवरच तुटले.

या बंदीचा भार सर्व शहरांवर सारखा पडत नाही. मुंबई समुद्राकाठी असल्यामुळे तिच्या विमानास अरबी समुद्रावरून मस्कतकडे आणि आखातावरून युरोपाकडे वळण्यास फारसे अधिक चालावे लागत नाही. दिल्लीच्या विमानास मात्र उत्तर-पश्चिमेचा दरवाजा मिटल्यामुळे आधी दक्षिणेस समुद्रापर्यंत उतरावे लागते आणि मग पश्चिमेस वळावे लागते. इतक्या इंधनात अमेरिका गाठणे अवघड झाल्यामुळे काही उड्डाणांस व्हिएन्नास थांबून टाक्या भराव्या लागल्या, आणि दिल्ली–वॉशिंग्टन ही एअर इंडियाची सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून बंद झाली. म्हणजे १९६० साली लागणारा युरोपातला मुक्काम, यंत्रे तेवढी सुधारूनही, काही प्रवाशांच्या नशिबी परत आला.

आखाताची वाटही निर्वेध नाही. १३ जून २०२५ रोजी इराण आणि इस्राएल यांत युद्ध पेटले आणि इराण-इराकचे आकाश एकाएकी मिटले, त्या दिवशी मुंबईहून न्यूयॉर्कास निघालेले विमान परत फिरवून मुंबईस आणावे लागले आणि न्यूयॉर्कहून मुंबईस येणारे जेद्दास उतरवावे लागले. त्या भागात उपग्रहांवरून मिळणाऱ्या स्थाननिर्देशनाची फसवणूक करणारे खोटे संकेतही २०२३ पासून वैमानिकांस मिळू लागले आहेत. वाट चुकल्याचे परिणाम किती भीषण असतात हे १ सप्टेंबर १९८३ रोजी रशियन हद्दीत शिरलेल्या कोरियन विमानाने २६९ प्राण देऊन दाखविले आहे, आणि वाट न चुकताही रणभूमीवरून गेल्याचे परिणाम १७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनवर पाडलेल्या मलेशियन विमानातील २९८ जणांनी भोगले आहेत.

या साऱ्याची झळ ज्यास पोचते तो उतारू बहुधा कोण असतो, हे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर मध्यरात्री तासभर उभे राहिल्यास दिसते. चाकाच्या खुर्चीत शाल पांघरून बसलेल्या आजी, गुडघ्यावर औषधांची पिशवी आणि पासपोर्ट घट्ट धरून बसलेले आजोबा, सामानाच्या पेट्यांना बांधलेले ओळखीचे लाल दोरे. मुलांनी मुद्दाम मध्ये न थांबणारे विमान निवडलेले असते, कारण परक्या विमानतळावर फलाट बदलणे, परक्या भाषेत दरवाजा विचारणे आणि चार तास खुर्चीत ताटकळणे त्यांस झेपणारे नसते. अशा माणसांस दोन तास अधिक बसावे लागणे हा नुसता गैरसोयीचा प्रश्न नाही. दीर्घकाळ पाय लोंबते ठेवून बसल्याने पोटरीच्या शिरांत रक्त साकळते, आणि तासांबरोबर तो धोका वाढतो. म्हणून दर तास-दीड तासाने उठून चालावे, पाणी प्यावे, डॉक्टरांच्या सल्ल्याने घट्ट मोजे घालावेत.

माझी सूचना साधी आहे. तिकिटावर सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, आसनाचा आणि भोजनाचा प्रकार हे सर्व छापलेले असते. कोणत्या देशांवरून नेणार, वाटेत इंधनासाठी उतरण्याचा संभव आहे काय, आणि उतरल्यास आपणांस विमानातच बसवून ठेवणार की बाहेर काढणार, हे मात्र कोठेही लिहिलेले नसते. मार्ग रोज बदलतो ही अडचण मला मान्य आहे. पण डिस्पॅचरचा कागद उड्डाणापूर्वी काही तास तयार असतो, आणि त्यातील चार ओळींचा गोषवारा, मराठी-हिंदीसह, उतारूच्या भ्रमणध्वनीवर पाठविणे कोणत्याही विमानकंपनीस अशक्य नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने तसा नियम करावा.